बिडी सुटत नाही, तर निकोटीन द्यायचं कुठून?

प्रश्न ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. वडील ५४ वर्षांचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. दिवसाला तीस-बत्तीस बिड्या. धाप लागायला लागली म्हणून फुंकायची टेस्ट झाली आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसत जाण्याचा फुप्फुसांचा आजार, निघाला. मुलीने निकोटीनचा गम आणून दिला, तर ‘तिखट लागतो, उचकी लागते’ म्हणून त्यांनी तीन दिवसांत टाकून दिला. लंडनच्या आत्येभावाची सिगारेट व्हेपवर (म्हणजे ई-सिगारेटवर, तंबाखू न जाळता निकोटीनची वाफ ओढायच्या यंत्रावर) सुटली, पण व्हेपवर इथे बंदी आहे. वडिलांचे सोबती सांगतात, बिडी सोड आणि तंबाखूचा बार भर, धूर तरी नाही. आणि घराजवळचे डॉक्टर म्हणाले, गममध्येही निकोटीनच असतं, एक व्यसन सोडून दुसरं कशाला लावता? आता काय करायचं, असं तिने विचारलंय.

ताई, मी कोपरखैरण्यात अठरा वर्षं छातीच्या आजारांची ओपीडी चालवतोय. तुमच्या वडिलांसारखी माणसं माझ्याकडे रोज येतात. मार्केटमधली असतात, एमआयडीसीतली असतात, रिक्षावाले असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचे प्रश्न चार दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच आहे. ज्या शरीराला चाळीस वर्षं निकोटीनची सवय आहे, त्याला ते धुराशिवाय कसं द्यायचं? आणि तेही आपल्या कायद्यात बसेल आणि माथाडीच्या पगारात भागेल अशा वाटेने.

आधी तुमच्या डॉक्टरांच्या शंकेबद्दल, कारण ती मिटल्याशिवाय पुढचं काही खरं नाही. वडिलांची छाती निकोटीनने खराब झालेली नाही. ती धुराने झाली. काहीही जाळलं की कार्बन मोनॉक्साइड, डांबर आणि बारीक कण तयार होतात. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं सापडली आहेत आणि त्यातली सुमारे सत्तर कॅन्सर करणारी आहेत. बिडीचं तर आणखी वेगळं आहे. तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं सहज जळत नाही. विझू नये म्हणून झुरके भराभर आणि खोल घ्यावे लागतात. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कितीतरी कमी असूनही धूर कमी जात नाही तो यामुळे. निकोटीन माणसाला पुन्हा पुन्हा बिडीकडे नेतं, पण फुप्फुसं जाळतो तो धूर. मायकेल रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ मध्येच हे मांडलं होतं: लोक ओढतात निकोटीनसाठी आणि मरतात डांबराने.

म्हणून निकोटीन निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. ते व्यसन लावतं, नाडी वाढवतं, रक्तदाब चढवतं. न ओढणाऱ्याला, शाळा-कॉलेजातल्या मुलांना, गरोदर बाईला ते नकोच. पण तुमचे वडील निकोटीन घेऊ की नको या टप्प्यावर नाहीत. ते दिवसातून तीस वेळा घेतच आहेत, फक्त सगळ्यात वाईट वाटेने.

त्यांच्याच आजाराचा एक मोठा अभ्यास आहे. अमेरिका आणि कॅनडात सुरुवातीचा सीओपीडी असलेल्या ५,८८७ ओढणाऱ्यांना घेऊन तो झाला आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला समुपदेशन आणि निकोटीनचा गम दिला, तर दुसऱ्या गटाला नेहमीची देखभाल. पाच वर्षांनी पहिल्या गटातले २२ टक्के लोक धुरापासून कायम दूर राहिले होते, दुसऱ्यातले ५ टक्के. ज्यांनी सोडलं त्यांच्या फुप्फुसांची घसरण मंदावली. काहींनी वर्षानुवर्षं गम खाल्ला, तरी गममुळे हृदयाच्या तक्रारीने दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण वाढलं नाही. तुमच्या डॉक्टरांना हे आदराने सांगा. वाद घालू नका, पण सांगा.

आता तो टाकून दिलेला गम. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या अनुभवात निम्मे लोक याच जागी हरतात आणि दोष त्यांच्या मनोबलाला दिला जातो.

तुर्भे स्टोअरचे एक मामा माझ्याकडे आले होते, तेही गोणी वाहणारे. म्हणाले, “डॉक्टर, ते गम काय कामाचं नाही, घशात आग होते.” मी म्हटलं, आत्ता माझ्यासमोर एक खा. त्यांनी गम तोंडात टाकला आणि पोरं बबलगम चावतात तसा कचाकचा चावायला लागले. मिनिटभरात डोळ्यांत पाणी, लगेच उचकी. विचारलं तर ओपीडीत यायच्या आधी खालच्या टपरीवर कटिंग मारून आले होते.

यात दोन चुका होत्या. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. भराभर चावलं की ते एकदम सुटतं, थुंकीबरोबर पोटात जातं, आणि मग उचकी, मळमळ, घशाची आग. दुसरं म्हणजे तोंडात आंबटपणा असेल तर निकोटीन नीट शोषलं जात नाही. चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक यानंतर पंधरा मिनिटं तरी गम घ्यायचा नाही, आणि गम तोंडात असताना काही खायचं-प्यायचं नाही. तंबाखू मळताना चुना लावतात तो याच्या नेमका उलट कामासाठी. चुन्याने तोंडातला आंबटपणा मोडतो आणि निकोटीन झटकन चढतं. आपल्याकडच्या प्रत्येक तंबाखू खाणाऱ्याला हे रसायन हाताने ठाऊक असतं, फक्त कुणी ते समजावून सांगितलेलं नसतं.

मी मामांना म्हटलं, तंबाखूचा बार कसा धरतात ते माहीत आहे ना? चावत नाही, दाबून ठेवतो. गमचंही तसंच करा. पाच-दहा वेळा हळू चावा. तिखट लागलं किंवा झिणझिण्या आल्या की थांबा आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवा. चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा आणि दुसऱ्या गालात ठेवा. असा अर्धा तास. त्यांनी माझ्यासमोर दुसरा गम तसा धरला. दहा मिनिटांनी म्हणाले, “हा वेगळाच लागतोय.” तुमच्या वडिलांनाही हे सांगू नका, समोर बसून करून घ्या. दात हलत असतील किंवा कवळी असेल तर गमऐवजी चघळायची निकोटीनची गोळी मिळते, तीही चावायची नाही.

अजून एक आधीच बोलून ठेवा. बिडीचं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं. गमला वीस-तीस मिनिटं लागतात. बिडीसारखी किक गममध्ये येणार नाही. म्हणून तलफ आल्यावर गम शोधायचा नाही, तलफेच्या आधी घ्यायचा. पहिली गाडी खाली करायला घेण्याआधी एक, जेवण झाल्यावर थोड्या वेळाने एक, अशा वेळा बांधून.

आता डोस आणि पैसा. या दोन गोष्टी गरिबाच्या घरात वेगळ्या काढता येत नाहीत.

वडिलांना एकच विचारा: सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर व्यसन जड आहे आणि त्यांना ४ मिलिग्रॅमचा गम लागेल. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो. २ मिलिग्रॅमचा मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो, आणि तुम्ही आणलेला बहुधा तोच असावा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला दहा-बारा. पुढचे तीन आठवडे साधारण सहा, शेवटचे तीन आठवडे तीन. दिवसाला चोवीसच्या वर कधीच नाही.

घरात प्रत्यक्षात काय होतं? महाग म्हणून आणलेली एक स्ट्रिप आठवडाभर पुरवून पुरवून खातात. दिवसाला दीड गम. तीस बिड्यांच्या जागी दीड गम म्हणजे बारा भाकऱ्या खाणाऱ्याला अर्धी भाकरी वाढण्यासारखं आहे. तिसऱ्या दिवशी माणूस चिडतो, बायकोवर ओरडतो, बिडी पेटवतो आणि सगळे म्हणतात गमने काही होत नाही.

हिशेब कागदावर मांडू या. बारा आठवड्यांत वरच्या प्रमाणाने सहाशे ते सातशे गम लागतात. समजा, एका गमच्या पैशात पाच बिड्या येतात; तुमच्याकडचे भाव लावून पाहा. म्हणजे तीन-साडेतीन हजार बिड्यांचे पैसे. याच चौऱ्याऐंशी दिवसांत तुमचे वडील सत्तावीसशे बिड्या ओढणारच आहेत. या हिशेबाने खर्च थोडाच जास्त आहे, आणि तो तीन महिन्यांनी थांबतो. बिडीचा थांबत नाही. अडचण वेगळीच आहे. बिडी रोज सुट्या पैशांनी, कधी उधारीवर येते आणि गमला रक्कम एकदम काढावी लागते. म्हणून मी घरच्यांना सांगतो, बिडीचे रोजचे पैसे एका डब्यात टाका आणि गम आठवड्याचा एकदम आणून ठेवा. मार्केटमध्ये नाक्यावर बिडी हातभर अंतरावर असते, तर गमही खिशातच हवा.

परवडत असेल तर निकोटीनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) आणि गम दोन्ही मिळून वापरणं एकट्या गमपेक्षा जास्त परिणामकारक ठरतं. पॅच दिवसभर मंद पुरवठा करतो आणि गम अडल्या वेळेला कामी येतो. पण घाम हा माथाडीचा शत्रू आहे. पाठीवर गोणी घेणाऱ्याचा पॅच खांद्यावर टिकत नाही. पोटाच्या बाजूला किंवा मांडीच्या वर, अंघोळीनंतर त्वचा कोरडी करून लावा आणि रोज जागा बदला.

पहिल्याच दिवशी बिडी पूर्ण बंद झाली नाही म्हणून गम थांबवायचा नाही. ओढणं चालू असताना गम सुरू करून बिड्या कमी करत नेणं ही मान्य पद्धत आहे. फक्त ‘आता पाचच ओढतो’ इथे मुक्काम करू नका. दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. १४१ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये हे मांडलं गेलं. वीसातून एकोणीस कमी केल्या म्हणून धोका त्या हिशेबाने उतरत नाही.

सोबत्यांनी सुचवलेल्या बाराबद्दल मी स्पष्ट सांगतो. नको. कारण सांगतो, कारण ते लोक वाईट सल्ला देत नाहीयेत, त्यांना जे दिसतं ते सांगतायत. स्वीडनमध्ये पुरुषांनी सिगारेट सोडून स्नूस नावाची ओठाखाली ठेवायची तंबाखू धरली आणि तिथल्या पुरुषांत फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण युरोपात अगदी खालच्या पातळीवर आलं, हे खरं आहे. पण स्नूस वाफवून तयार करतात आणि त्यातली कॅन्सर करणारी नायट्रोसॅमिन्स कमी राहतील याची काळजी घेतात. आपली मळलेली तंबाखू, खर्रा, मावा, मिश्री यांत ती भरपूर असतात. त्यात सुपारी आली की आणखी बिघडतं. सुपारी स्वतःच कॅन्सर करते आणि तोंड उघडेनासं करते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याची सवय लोकांच्या तोंडातून गेलेली नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तंबाखू तोंडात ठेवणारे २४.४ टक्के. आपल्याकडे धूर नसलेला पर्याय आधीपासूनच घरोघरी आहे, आणि त्याचा परिणाम खारघरच्या कॅन्सर केंद्राबाहेर गालाला पट्टी बांधून बसलेल्या माणसांत दिसतो. वडिलांनी आगीतून उठून फुफाट्यात पडू नये.

जाता जाता विचारतो, तुमच्या आई मिश्री लावतात का? आमच्याकडे सातारा-सांगलीकडच्या घरांत नवऱ्याच्या बिडीवर सगळे बोलतात आणि बायकोची मिश्री कुणाला व्यसन वाटत नाही. दोघांनी बरोबर सोडलं तर दोघांनाही सोपं जातं.

व्हेपचं. तुमच्या आत्येभावाचा अनुभव खोटा नाही. धूर नसल्याने व्हेप सिगारेटपेक्षा बरंच कमी घातक आहे, आणि सोडायला मदत करण्यात ते गम-पॅचच्याही थोडं पुढे आहे असं कॉक्रेन या जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा सांगतो. इंग्लंडमध्ये तर २०२३ मध्ये सरकारनेच ओढणाऱ्यांना ते मोफत देण्याची योजना जाहीर केली होती. पण आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही; नुसतं साठवण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भावाला येताना बॅगेत आणायला सांगू नका. आणि चोरून विकतात त्यातलं तर मुळीच घेऊ नका. त्या द्रवात काय आहे, किती आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

शाळेतल्या मुलांना याचा नाद लागू नये ही बंदीमागची भीती मला पूर्ण पटते, मी स्वतः दोन मुलींचा बाप आहे. तरी छातीचा डॉक्टर म्हणून एक गोष्ट मला खुपते. बिडीसारखी घातक वस्तू प्रत्येक टपरीवर मिळते, तिच्यावरचा कर सिगारेटपेक्षा कमी, आणि त्यातून सुटायचं साधन मात्र गरिबाला विकत घ्यावं लागतं. जगातले सुमारे ८० टक्के तंबाखू वापरणारे कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. निकोटीनचे गम-पॅच जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत २००९ मध्ये आले, आपल्या राष्ट्रीय यादीत २०२२ मध्ये. यादीत आलेली वस्तू पालिकेच्या दवाखान्याच्या कपाटात यायला हवी, तीही तीन महिन्यांचा पूर्ण कोर्स म्हणून. सायटिसिन नावाचं एक स्वस्त औषध बल्गेरियात १९६० च्या दशकापासून वापरात आहे, कोर्स पंचवीस दिवसांचा. न्यूझीलंडमध्ये २०१४ ला प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते निकोटीनच्या गम-पॅचपेक्षा सरस ठरलं. आपल्यासारख्या देशाने अशा औषधांच्या मागे लागायला हवं. आम्ही काही डॉक्टर हे जिथे बोलता येईल तिथे बोलतो.

गम-पॅचने नाहीच जमलं तर व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या आहेत. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. फिट येत असेल तर ब्युप्रोपिऑन चालत नाही.

काही गोष्टी मी इथून ठरवू शकत नाही. वडिलांना गेल्या दोन-तीन आठवड्यांत हार्ट अटॅक आला असेल, छातीत वारंवार दुखत असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर निकोटीन सुरू करण्याआधी प्रत्यक्ष तपासणी हवी. आणि ही गोष्ट बरेचदा सुटते: सीओपीडीसाठी त्यांना थिओफायलिनची गोळी चालू आहे का? धुरातल्या रसायनांमुळे यकृत ही गोळी भराभर संपवतं. बिडी बंद झाली की तीच गोळी शरीरात जास्त साठते आणि धडधड, मळमळ, हात थरथरणं सुरू होतं. घरच्यांना वाटतं हे गममुळे झालं किंवा बिडी सोडल्याचा त्रास आहे. सोडायच्या आठवड्यातच डॉक्टरांना गोळीचा डोस तपासायला सांगा. साखरेसाठी इन्सुलिन चालू असेल तर तेही सांगा.

पहिले तीन दिवस सगळ्यात कठीण असतात, मग त्रास उतरत जातो आणि तीन-चार आठवड्यांत बराच कमी होतो. त्या दिवसांत ते चिडतील, तेव्हा उपदेश नको. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर बिडी-सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, तिथे मराठीतही बोलता येतं का ते आधी तुम्हीच लावून पाहा आणि मग वडिलांच्या हातात फोन द्या.

तुर्भ्याच्या त्या मामांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. माझ्याकडे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र आहे. पहिल्या दिवशी त्यांनी फुंकलं तेव्हा आकडा २९ आला. दोन आठवड्यांनी ४. त्यांनी यंत्र माझ्या हातातून घेतलं, पुन्हा फुंकलं, पुन्हा ४. मग खिशातून फोन काढून गावाला बायकोला लावला आणि तिला तो आकडा दोनदा सांगितला. मध्ये दिवाळीत दोन वेळा घसरले, पुन्हा आले, पुन्हा गम सुरू केला. शेवटचे तीन-चार गम सोडायला त्यांना पाच महिने लागले आणि मी घाई केली नाही.

तुमच्या वडिलांसाठी मार्केटच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी चिठ्ठी आणि आठवड्याचा गम आणून ठेवा. सुट्टीच्या दिवशी सकाळी चहाच्या आधी पहिला गम तुमच्यासमोर होऊ द्या. रोज किती गम आणि किती बिड्या झाल्या ते कॅलेंडरवर लिहा. सात दिवसांचे आकडे आणि पहिली बिडी किती वाजता लागली ते इथेच कळवा, म्हणजे डोस वाढवायचा की वेळा बदलायच्या ते मी सांगतो.